मेफ्लॉवर-२, प्लिमथ : फोटो वरच्या डेकवर काढा, वेळ खालच्या मजल्याला द्या

बॉस्टनला मुलांकडे आलेल्या आई-वडिलांना कुठे न्यायचं, हा प्रश्न इथल्या मराठी घरांत दर उन्हाळ्यात पडतो. हार्वर्ड बघून होतं, एमआयटीच्या घुमटासमोर फोटो होतात, नायगारा होतो, देवळं होतात. त्यानंतरचा एक मोकळा शनिवार प्लिमथला द्या. बॉस्टनच्या दक्षिणेला साधारण ४० मैल, गाडीने तासाभराचा रस्ता. तिथल्या धक्क्याला ‘मेफ्लॉवर-२’ हे लाकडी जहाज बांधलेलं असतं, ते बघायला. एवढं लांबलचक लिहायचं कारण असं की, बरीचशी माणसं वरच्या डेकवर फोटो काढून पंधरा मिनिटांत उतरताना मी पाहिली, आणि बघण्यासारखं जे होतं ते त्यांच्या पायाखालीच राहिलं.

माझी थोडी ओळख देते, कारण माझं मत त्यावरच उभं आहे. मी मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होते, नोकरीचा बहुतेक काळ प्रसूती विभागात गेला. इतिहासातलं मला फार कळतं असं नाही, पण बाळंतीण, तान्हं मूल, ओले कपडे, ताप आणि रात्रपाळी हे मला कळतं. या जहाजाची खरी गोष्ट याच पाच गोष्टींची आहे असं माझं ठाम मत झालंय.

आधी जहाजाविषयी. १६२० साली इंग्लंडहून जी माणसं अमेरिकेत वसाहत करायला आली, त्यांचं मूळ मेफ्लॉवर आता नाही. हे आहे त्याचं नव्याने बांधलेलं रूप. विल्यम बेकर या नौकाशिल्पकाराने त्या काळच्या व्यापारी जहाजांचा अभ्यास करून आराखडा केला, इंग्लंडमध्ये डेव्हनमधल्या ब्रिक्सहॅमच्या गोदीत ते बांधलं गेलं, आणि १९५७ साली ॲलन व्हिलियर्स या कप्तानाने ३३ जणांना घेऊन ते शिडांवर अटलांटिक पार करून आणलं. २० एप्रिलला निघाले, १३ जूनला प्लिमथला पोचले. म्हणजे हा नुसता देखावा नाही, समुद्र ओलांडून आलेलं जहाज आहे. मधल्या वर्षांत लाकूड खराब झालं, तेव्हा कनेटिकटमधल्या मिस्टिकच्या गोदीत २०१६ पासून काम चाललं आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये ते घरी परत आलं. खर्च १ कोटी १० लाख डॉलरच्या वर गेला. फळ्यांना, दोरखंडांना हात लावून बघा. ओकचं लाकूड, डांबर लावलेले दोर, फळ्यांच्या फटींत पिंजलेले धागे ठासून वर ओतलेलं डांबर. उन्हात त्याचा वास अंगावर येतो. आमच्या ह्यांना तो वास फार आवडला, मला नाही.

वरच्या डेकवर शिडं, डोलकाठ्या, नांगर ओढायचा रहाट, कप्तानाची खोली हे सगळं बघायला छान आहे. मुलांना दोर आवडतात. जहाजावर माहिती सांगणारी माणसं असतात आणि विचारलं की मनापासून बोलतात. त्यांना प्रश्न विचारायला लाजू नका. माझं इंग्रजी कामापुरतं आहे, तरी मला कुणी घाईत उत्तर दिलं नाही. पण मग जिन्याने खाली उतरा.

हा जिना आणि खालचे विजेचे दिवे या दोन गोष्टी आपल्यासारख्या पाहुण्यांच्या सोयीसाठी घातल्या आहेत. १६२० मध्ये इथे शिडी होती आणि उजेड नव्हता. आता हे डोक्यात ठेवून मधल्या मजल्यावर उभ्या राहा. वर डेक, खाली सामानाचं कोठार, मध्ये हा मजला, आणि इथे १०२ प्रवासी. वर खलाशी साधारण तीसेक, ते वेगळेच. जहाजाची लांबी शंभर फुटांच्या थोडी वर, रुंदी २५ फुटांच्या आसपास. त्यातलीही टोकं खलाशांच्या कामाची आणि स्वयंपाकाची. जी जागा उरली तीतही एक होडी होती. किनाऱ्याचा शोध घ्यायला लागेल म्हणून एक मोठी होडी सुटी करून याच मजल्यावर ठेवली होती. जागा नाही म्हणून माणसं त्या होडीच्या भागांवर झोपली. इतकी झोपली की तिचे सांधे उखडले आणि अमेरिकेला पोचल्यावर ती दुरुस्त करण्यात दोन आठवड्यांहून जास्त वेळ गेला. थंडी तोंडावर आलेली असताना.

मी तिथे खाली लाकडी फळीवर बसले. नात शेजारी आडवी झाली, मुलगी पायाशी बसली. तिघींनी मिळून जेवढी जागा घेतली, तेवढ्यात एक अख्खं कुटुंब असायचं, आणि मध्ये आडोसा म्हणजे एखादी फळी किंवा कापड. तोफांसाठी बाजूला झडपा आहेत. त्या उघडल्या की वारा आणि उजेड आत येतो, पण समुद्र खवळला की त्या बंद. वादळात वरचं झाकणही बंद. डेकच्या फटींतून पाणी खाली ठिबकतं, अंथरूण ओलं, अंगावरचे कपडे ओले, बादल्या सांडलेल्या, निम्मी माणसं उलट्या करतायत. चूल वर, पुढच्या बाजूला. वादळात आग पेटवायचीच नाही, म्हणजे गरम काही नाही. खायला कडक बिस्किटं, खारवलेलं मांस, खारवलेले मासे, सुके वाटाणे. प्यायला बिअर, कारण पिंपातलं पाणी टिकत नाही. बिअर मुलांनाही.

हा प्रवास ६६ दिवसांचा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. माहिती सांगणाऱ्या बाईंनी मला जे समजावलं ते या आकड्याहून महत्त्वाचं आहे. यातली काही माणसं ६६ दिवस नव्हे, जवळजवळ चार महिने जहाजांवर होती. हॉलंडमधल्या लायडनला राहणारा धर्मनिष्ठ इंग्रजांचा गट जुलैच्या शेवटी ‘स्पीडवेल’ नावाच्या छोट्या जहाजातून निघाला. मेफ्लॉवर त्यांना साउथहॅम्प्टनला भेटलं. तिथे लंडनच्या भांडवलदारांशी करारावरून बिनसलं आणि बंदराची देणी फेडायला यांना स्वतःच्या शिध्यातलं लोणी विकावं लागलं, साठ ते ऐंशी पिंपं. ऑगस्टमध्ये दोन्ही जहाजं निघाली, स्पीडवेलला गळती लागली, डार्टमथला परतले. पुन्हा निघाले, पुन्हा गळती, यावेळी इंग्लंडच्या प्लिमथला परतले. शेवटी स्पीडवेल सोडून दिलं, काही माणसं मागे राहिली, उरलेली मेफ्लॉवरमध्ये कोंबली गेली आणि ६ सप्टेंबरला एकटं जहाज निघालं. तारखा त्या काळच्या इंग्रजी पंचांगाच्या आहेत, आजच्या हिशोबाने दहा दिवस पुढे धरा. चांगला हंगाम बंदरांत गेला, अर्धा शिधा बसून संपला, आणि वादळांचा काळ मात्र बरोबर समुद्रात गाठला.

मला हे ऐकताना स्कर्व्ही दिसत होता. ताजी भाजी, फळ पोटात गेलं नाही की दोन-तीन महिन्यांत हिरड्या सुजतात, रक्त येतं, अंग मोडून येतं, जुनी जखम पुन्हा उघडते. ही माणसं किनाऱ्याला लागली तेव्हाच त्यांच्या शरीरातला साठा संपत आला होता. वरून दिसायला सगळे धडधाकट.

मधल्या समुद्रात एका वादळात जहाजाची मुख्य आडवी तुळई तडकली. प्रवाशांनी बरोबर आणलेल्या एका मोठ्या लोखंडी स्क्रूने ती उचलून खाली टेकू दिला. जॉन हाउलंड नावाचा तरुण वादळात डेकवर गेला आणि समुद्रात फेकला गेला, पण पाण्यात लोंबणारा शिडाचा दोर हाती लागला आणि वाचला. या दोन गोष्टी तिथे सगळ्यांना सांगतात, मुलांना आवडतात, तुम्हीही ऐकालच.

मी विचारलं ते बायकांबद्दल. जहाजावर १८ प्रौढ स्त्रिया होत्या आणि त्यातल्या तिघी निघतानाच पोटुशा होत्या. एलिझाबेथ हॉपकिन्स भर समुद्रात बाळंत झाली. मुलाचं नाव ठेवलं ओशिएनस. सुझॅना व्हाइट नोव्हेंबरच्या शेवटी केप कॉडच्या खाडीत, जहाज नांगरलेलं असताना बाळंत झाली. तिच्या मुलाचं नाव पेरेग्रिन. तिसरी मेरी ॲलर्टन. तिची वेळ डिसेंबरच्या २२ तारखेला भरली, प्लिमथच्या बंदरात, बाहेर वादळी पाऊस. तिचं मूल मेलेलं जन्मलं. दोन महिन्यांनी तीही गेली. तिची तीन लहान मुलं जहाजावर होती.

मी ज्या फळीवर बसले होते तिथून त्या मजल्याच्या दोन्ही भिंती दिसत होत्या. अशा जागेत, शंभर माणसांच्या देखत, हलत्या जमिनीवर कळा द्यायच्या. गरम पाणी मिळेल की नाही हे समुद्रावर अवलंबून. पाय टेकायला खालची फळी सरकतेय. बाळ झाल्यावर नाळ कापायची, वार पडायची वाट बघायची, रक्त पुसायला कोरडं कापड नाही. आपल्याकडे गरिबातल्या गरीब घरात बाळंतिणीला निदान शेक आणि गरम पेज मिळते, अंगाला तेल लागतं, कुणीतरी दाराला पडदा लावतं. एलिझाबेथ हॉपकिन्सला ओलं अंथरूण आणि खारवलेलं मांस मिळालं, आणि तरीही तिने ते मूल अंगावर पाजून किनाऱ्याला आणलं. तिच्यावर आणखी तीन मुलांची जबाबदारी होती, त्यातली दोन नवऱ्याच्या पहिल्या बायकोची. माझ्या नोकरीत मी धैर्याच्या बायका पुष्कळ पाहिल्या. या बाईला मी त्यांच्यात वरचं स्थान देते.

मुलांची एक गोष्ट आहे, ती मात्र नातीसमोर मला पुरती ऐकवली नाही. मोर आडनावाची चार भावंडं या जहाजावर होती, चार ते आठ वर्षांची. आई-वडिलांचं फाटलं होतं, मुलं आपली नाहीत असं वडिलांनी ठरवलं आणि त्यांना नोकर म्हणून वेगवेगळ्या कुटुंबांत वाटून जहाजावर पाठवून दिलं. आई मागे इंग्लंडमध्ये. पहिल्या हिवाळ्यात चारातली तीन गेली. एक रिचर्ड तेवढा मोठा झाला. खालच्या मजल्यावर गेलात तर या चार पोरांची आठवण ठेवा: एलन, जॅस्पर, रिचर्ड, मेरी.

आता मुख्य मुद्दा. लोक समजतात की समुद्र ओलांडताना माणसं मेली. तसं नाही. ६६ दिवसांत एक प्रवासी आणि एक खलाशी, एवढेच गेले. प्रवासी म्हणजे विल्यम बटन हा पोरसवदा नोकर, जमीन दिसायच्या अगदी तोंडावर गेला. मरण जमीन लागल्यावर सुरू झालं. ११ नोव्हेंबरला जहाज केप कॉडच्या टोकाशी, आजच्या प्रॉव्हिन्सटाउनला नांगरलं. जायचं होतं हडसन नदीकडे, पण वाळूच्या उथळ पट्ट्यांत जहाज सापडायची वेळ आली म्हणून मागे फिरले. तिथे किनारा इतका उथळ की होडी काठाला लागत नाही. माणसं बर्फासारख्या पाण्यात उतरून चालत जायची आणि तसंच ओल्या कपड्यांनी परतायची. खोकला आणि सर्दी तिथेच जडली असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. १३ तारखेला, सोमवारी, बायका पहिल्यांदा किनाऱ्यावर उतरल्या त्या कपडे धुवायला. एवढ्या दिवसांचे कपडे, लंगोट, बाळंतपणाची कापडं. मी आयुष्यभर वॉर्डातल्या चादरी मोजल्या आहेत. नव्या जगातलं त्यांचं पहिलं मोठं काम धुणं हे होतं, यात मला काहीच नवल वाटलं नाही.

पुरुष होडी घेऊन जागा शोधत हिंडले. जहाजावर राहिलेल्या डोरोथी ब्रॅडफर्ड, म्हणजे पुढे गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्डची बायको, ७ डिसेंबरला पाण्यात पडून बुडाली. नवरा तेव्हा शोधमोहिमेवर होता, आणि लहान मुलगा हॉलंडमध्ये ठेवून आली होती. जहाज प्लिमथच्या बंदरात आलं १६ डिसेंबरला. नाताळच्या दिवशी पहिली इमारत उभारायला घेतली. जानेवारीत तिच्या छपराला आग लागली. घरं नाहीत म्हणून बरीच माणसं, त्यातही बायका-मुलं, त्याच मधल्या मजल्यावर राहिली. शेवटची माणसं जहाजावरून उतरली ती २१ मार्चला. सहा महिन्यांहून जास्त काळ त्या मजल्यावर! आणि आता तिथे न्यूमोनिया, क्षयासारखे खोकले, स्कर्व्ही, हगवण, सगळं एकत्र.

१०२ पैकी निम्मी माणसं वसंत येईपर्यंत गेली. जानेवारी-फेब्रुवारीत एकेका दिवसाला दोन-तीन. १८ बायकांपैकी १३ गेल्या. मुली मात्र बऱ्याच तगल्या. आयांनी पोटचा घास त्यांना दिला असणार, असं मला वाटतं, मी वॉर्डात हेच पाहिलंय. पुरुष निदान बाहेर मोकळ्या हवेत लाकडं तोडत होते, बायका कोंदट मजल्यावर आजाऱ्यांत होत्या, हेही कारण असणार. तेरा वर्षांच्या एलिझाबेथ टिलीचे आई, वडील, काका, काकू सगळे गेले. पुढे तिने त्या दोर पकडून वाचलेल्या हाउलंडशी लग्न केलं, दहा मुलं झाली.

सगळ्यात वाईट दिवसांत उभी राहू शकणारी माणसं सहा-सात होती. ब्रॅडफर्डने नंतर लिहून ठेवलंय की त्यांनी रात्रंदिवस लाकडं आणली, शेगड्या पेटवल्या, जेवण केलं, अंथरुणं घातली, किळस येईल असे कपडे धुतले, आजाऱ्यांना कपडे घातले-काढले. पुढारी विल्यम ब्रूस्टर आणि शिपाईगडी माइल्स स्टँडिश या सहा-सातांत होते. त्या काळच्या पुरुषांनी हे केलं! मला या माणसांबद्दल जो आदर वाटला तो त्यांच्या सनदीबद्दल किंवा वसाहतीचा कारभार चालवायला जहाजावर केलेल्या त्या प्रसिद्ध करारनाम्याबद्दल वाटला नाही. एका पाळीला दोन सिस्टर आणि चाळीस पेशंट असले तरी आमचे हाल व्हायचे. तिथे पाळी बदलणारं कुणी नव्हतं.

खलाशांचं वागणंही ऐकण्यासारखं आहे. परतीसाठी बिअर पुरावी म्हणून त्यांनी प्रवाशांना घाईने किनाऱ्यावर उतरवलं. आजारी ब्रॅडफर्डने थोडी बिअर मागितली तर नाही म्हणाले. मग आजार खलाशांतच पसरला, त्यांतलेही जवळजवळ निम्मे मेले. प्रवाशांतले जे धड होते त्यांनी त्यांचीही शुश्रूषा केली. प्रवाशांना सतत शिव्याशाप देणाऱ्या एका मुकादम खलाशाचीही मरताना त्यांनीच काळजी घेतली.

जहाजावरून उतरलात की समोर तो प्रसिद्ध प्लिमथचा दगड आहे, ही माणसं याच दगडावर उतरली अशी आख्यायिका असलेला, १६२० कोरलेला, खांबांच्या मंडपात. दोन मिनिटं बघा, पुढे चला. त्याच्या मागची टेकडी, कोल्स हिल, तिथे मात्र चढा. पहिल्या हिवाळ्यातली माणसं तिथे पुरली. किती मेली हे बाहेर कळू नये म्हणून रात्री पुरायचे, अशी तिथली परंपरागत हकीकत आहे. नंतरच्या खोदकामांत मिळालेली हाडं ग्रॅनाइटच्या मोठ्या पेटीत ठेवली आहेत. त्याच टेकडीवर इथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांचा त्या काळचा प्रमुख मॅसासॉइट याचा पुतळा समुद्राकडे तोंड करून उभा आहे. १९७० पासून थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या अमेरिकी सणाच्या दिवशी मूळ रहिवासी इथे जमून शोकदिन पाळतात. त्या दिवशी गेलात तर कॅमेरा खिशात ठेवा आणि ऐका.

कोर्ट स्ट्रीटवरचं पिलग्रिम हॉल हे संग्रहालय १८२४ पासूनचं आहे, चालत जाता येतं. माझ्यासाठी ते जहाजाइतकंच मोलाचं ठरलं, एका पाळण्यामुळे. वेताने विणलेला, डोक्याकडे टोपीसारखा झाकलेला पाळणा. पेरेग्रिन व्हाइटच्या घराण्याशी त्याचं नाव जोडलेलं आहे. मी काचेला नाक लावून बघितला. डोक्याकडचा भाग झाकलेला ठेवलाय तो वारा आणि थेंब अडवायला, हे बघताक्षणी कळतं. विण अजून घट्ट आहे. सुझॅनाचा नवरा फेब्रुवारीत गेला, कुशीत तीन महिन्यांचं मूल आणि दुसरा पाच वर्षांचा. मे महिन्यात तिने बायको गमावलेल्या एडवर्ड विन्स्लोशी लग्न केलं, वसाहतीतलं पहिलं लग्न. पेरेग्रिन १७०४ पर्यंत जगला, ८३ वर्षांचा होऊन गेला. त्या मजल्यावर ते दिवस काढलेलं मूल!

आता दुसरं तिकीट. जहाज चालवणारी संस्था प्लिमथ पटक्सेट म्युझियम्स. तिचं मोठं आवार धक्क्यापासून तीनेक मैलांवर आहे, दोन्हींचं एकत्र तिकीट मिळतं, तेच घ्या. तिथे एक इंग्रज वस्ती उभी केली आहे, गवताची छपरं, मातीच्या भिंती, आणि १६२० च्या दशकातल्या माणसांच्या भूमिकेत बोलणारी माणसं. मुलांना तिथे मजा येते. पण त्याआधी मूळ रहिवाशांच्या वस्तीत जा. तिथली माणसं भूमिका करत नाहीत, ती स्वतः मूळ रहिवासी आहेत आणि आजच्या भाषेत बोलतात. तिथे कळतं की प्लिमथ ही रिकामी जागा नव्हती. तिचं नाव पटक्सेट. युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने १६१६ ते १६१९ या काळात ते गाव अख्खं मेलं होतं. इंग्रजांना मिळालेली साफ केलेली शेतं त्या मेलेल्यांची होती. त्याच गावचा टिस्क्वांटम १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनला विकला होता. तो कसाबसा १६१९ मध्ये परतला तेव्हा घरात कुणी नव्हतं. आणि याच माणसाने पुढे इंग्रजांना मका पेरायला शिकवला. बियाण्याचा बराचसा मका तरी कुठला? केप कॉडवर स्थानिकांच्या जमिनीत पुरलेल्या कणग्या उकरून नेलेला.

हे कळल्यावर मेफ्लॉवरवरच्या बायकांचं दुःख मला कमी वाटलं नाही. पण साथ म्हणजे काय हे ज्याने वॉर्डात पाहिलंय, त्याला पटक्सेटमध्ये कोण उरलं होतं शुश्रूषेला, हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. तिथे सहा-सात जणही उरले नव्हते. म्हणून फक्त जहाज बघून परत फिरू नका, अर्धीच गोष्ट घेऊन याल.

व्यवहाराचं सांगते. जहाज वसंत ऋतूपासून थँक्सगिव्हिंगपर्यंत उघडं असतं, हिवाळ्यात बंद, निघण्याआधी वेळा बघून घ्या. जिने उभे आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी कठडा धरून, उलटं तोंड करून उतरावं. सपाट तळव्याचे बूट घाला, साडीपेक्षा सलवार-कमीज बरी. धक्क्यावर उन्हाळ्यातही वारा बोचतो, स्वेटर ठेवा. जहाजासाठी निदान दीड तास आणि आवारासाठी अर्धा दिवस धरा. सकाळी पहिल्या वेळेला गेलात तर खालच्या मजल्यावर गर्दी नसते, बसायला मिळतं. जेवायला धक्क्यासमोरच्या एका हॉटेलात आम्ही गेलो, तिथे शाकाहारी म्हणून फक्त तळलेले बटाटे मिळाले आणि तेही गार. घरून पोळी-भाजी न्या, किनाऱ्यालगतच्या बागेत बाकं आहेत. आठ वर्षांच्या खालच्या मुलांना मृत्यूचे आकडे सांगू नका, धुण्याची आणि दोर पकडलेल्या हाउलंडची गोष्ट सांगा. मोठ्या मुलांना सगळं सांगा.

जहाजाला माझ्याकडून पाचपैकी पाच, पिलग्रिम हॉलला पाच, मूळ रहिवाशांच्या वस्तीला पाच. इंग्रज वस्तीला चार, कारण तिथे मला बायकांना आणखी खूप विचारायचं होतं आणि भोवती शाळेची पोरं होती. पुढच्या खेपेला शाळा सुरू व्हायच्या आधी जाणार आहे, आणि बरोबर वॉर्डातल्या माझ्या दोन जुन्या मैत्रिणींना नेणार आहे, त्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीला येतायत.